रजेचा कागद, कामाचा कागद

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं. नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी या राज्यातल्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांत खाटांच्या हिशेबाने हे सगळ्यात लहान. मानसिक आजाराबद्दलच्या १९१२ च्या कायद्याचा सगळा भर माणसाला आत ठेवण्यावर होता. १९८७ च्या कायद्याने उपचारांना जागा दिली. मग आला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून अमलात आहे आणि त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिलेला आहे. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. तरीही २०२१ मध्ये महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचे प्रकार घडले आणि सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवायला सांगावं लागलं.

कायद्याची दिशा मात्र स्पष्ट आहे: माणूस घरी गेला पाहिजे. बहुतेक जण आता घरी जातातही. कितीतरी जणांना दाखल व्हावंच लागत नाही, बाह्यरुग्ण विभागातून गोळ्या घेऊन ते परततात. प्रश्न सुरू होतो तो त्यानंतर. हातातल्या कार्डावर निदान असतं, गोळ्यांची नावं असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. हा माणूस पोटापाण्याचं काय करणार, कधीपासून करणार, किती तास करणार, याबद्दल त्यावर सहसा एक ओळही नसते.

कामाशी संबंध येतो तो दुसऱ्याच दोन कागदांचा. नोकरी असेल तर ‘फिटनेस सर्टिफिकेट’ लागतं. वैद्यकीय रजेवर गेलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला त्याशिवाय हजर करून घेत नाहीत. आणि काम होतच नसेल तर लागतं दिव्यांगत्व प्रमाणपत्र. पहिला कागद म्हणतो, हा माणूस कामाला योग्य आहे. दुसरा म्हणतो, याला अमुक टक्के जमत नाही. मानसिक आजारातून सावरणारा माणूस महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, या दोन्हींच्या मधे असतो. सकाळी जड असतो, दुपारी बरा असतो. चार तास नीट काम करतो, आठ तासांनी कोसळतो. या मधल्या माणसासाठी आपल्याकडे तयार कागद नाही, आणि माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे. कायद्यात त्याच्यासाठी जागा आहे. ती मागायची कशी हे त्याला कुणी सांगत नाही.

आधी दिव्यांगत्वाच्या टक्क्यांबद्दल, कारण त्यांच्याविषयी गैरसमज फार आहेत. हात-पाय मोजता येतात, मन कसं मोजणार, असं लोक विचारतात. त्यासाठी ‘आयडियाज’ नावाची भारतीय मोजपट्टी आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती तयार केली आणि सरकारने ती प्रमाणपत्रांसाठी स्वीकारली. ती आजाराचं नाव तोलत नाही. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टी ती तपासते. प्रत्येकीला ० ते ४ गुण. अडचण जेवढी मोठी तेवढे गुण जास्त. त्यात आजार किती काळ आहे याचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षं २, सहा ते दहा वर्षं ३, त्याहून अधिक ४. एकूण गुण वीसपैकी. सहापर्यंत आले तर दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली, ७ ते १३ आले तर ४० ते ७० टक्के, १४ ते १९ आले तर त्याच्याही वर. बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्के, म्हणजे सात गुण.

समजा, संगमेश्वराकडचा तिशीतला एक तरुण आहे, स्किझोफ्रेनियाला आठ वर्षं झालेली. अंघोळीला सांगावं लागतं, १. घराबाहेर कुणाकडे जात-येत नाही, २. बोलणं तुटक, १. काम जवळजवळ बंद, ३. झाले सात. आठ वर्षांच्या आजाराचे ३ धरून दहा. आता हाच तरुण वर्षभर औषधं नीट घेऊन बागेत अर्धवेळ जाऊ लागला. कामाचे गुण तीनावरून दोनावर, संबंधांचे दोनावरून एकावर आले. बेरीज आठ. म्हणजे तो अजूनही ४० टक्क्यांच्या वरच आहे. आणखी सुधारून चारही गोष्टींत एकेक गुण उरला, तरी चार अधिक तीन, सात! ‘कामाला गेलास तर सर्टिफिकेट जाईल’ ही घरोघरची भीती या हिशेबापुढे फारशी टिकत नाही. काम ही मोजपट्टीची एक बाजू आहे, सगळी पट्टी नव्हे. शिवाय याच पट्टीत घरकामही काम म्हणून मोजलं जातं. सून वर्षभर चुलीपाशी जाऊ शकली नाही, तर तीही काम थांबल्याचीच नोंद आहे. आपल्या घरांतून ते कुणी तसं म्हणत नाही. बाईचं कामावर परतणं म्हणजे गुपचूप पुन्हा स्वयंपाकाला लागणं असंच धरलं जातं, आणि तिला सवड द्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

भीती खरी आहे ती पैशाच्या अटीची. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगाला तहसील कार्यालयातून दरमहा मदत मिळते. २०२५ मध्ये ती दिव्यांगांसाठी २,५०० रुपये झाली. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. भागाकार करून पाहा: महिना चार हजार एकशे सदुसष्ट. तेही एकट्याचं नाही, कुटुंबाचं! रोजंदारीचा एक माणूस घरात नियमित कमावता असला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग आजारी माणसाने महिन्याला हजार-दोन हजार मिळवायला सुरुवात केली की घरात पहिला विचार येतो तो उत्पन्नाच्या दाखल्याचा. सरकारी कर्मचाऱ्याच्या मानसिक आजारी मुलाला किंवा मुलीला आई-वडिलांमागे तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ही फार मोलाची तरतूद आहे. पण तिलाही स्वतःची उपजीविका करू शकत नाही ही अट आहे. म्हातारा बाप मुलाला दुकानात बसायला पाठवत नाही, त्यामागे कित्येकदा हीच काळजी असते. त्याला आळशी किंवा स्वार्थी म्हणणं अन्याय आहे. तो पुढच्या तीस वर्षांचा हिशेब मांडतोय.

इतर देशांनाही हा पेच पडला आणि काहींनी तो थोडाफार सोडवला. अमेरिकेत नोकरीतून मिळणारा अपंगत्व भत्ता घेणाऱ्याला नऊ महिने काम करून पाहता येतं, आणि तेवढे महिने भत्ता पूर्ण चालू राहतो. नऊ महिने सलग असण्याचीही अट नाही, ते पाच वर्षांत विखुरलेले चालतात. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये आजारपणाचा दाखलाच बदलला. पूर्वी डॉक्टर ‘कामाला अयोग्य’ एवढंच लिहीत. नव्या दाखल्यावर दुसरा पर्याय आला: ‘काही सोयी केल्या तर काम करू शकेल’. खाली टप्प्याटप्प्याने रुजू होणं, तास बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं, जागेत बदल करणं यांच्यावर खूण करायची. मधल्या माणसाचा कागद तो हाच. असा छापील नमुना आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळू लागला तर एका पानाने केवढं काम होईल!

नमुना नसला तरी त्यामागचा कायदा आपल्याकडे आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यांतला एक. १९९५ च्या जुन्या कायद्यातही तो होता, पण सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांत त्याला वाटा नव्हता. नव्या कायद्याने चार टक्के जागा राखल्या आणि त्यांतल्या शेवटच्या एक टक्क्याच्या गटात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता यांच्याबरोबर मानसिक आजार घातला.

मला त्याहून मोठं वाटतं ते कलम २०. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या हुद्द्यावर ढकलता येत नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर रिकामं होईपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्याला सामावून घ्यायचं. जिल्हा परिषदेचा शिक्षक असो, तलाठी असो की एसटीचा चालक. गोळ्यांनी झापड येते म्हणून चालकाला स्टिअरिंग वर्ज्य झालं, तर आगारातलं दुसरं काम मागणं हा त्याचा हक्क आहे. त्यासाठी साहेबांच्या मेहरबानीची वाट पाहायची गरज नाही.

हा हक्क किती खोल जातो हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ च्या निकालात दाखवलं. सीआरपीएफमधल्या एका अधिकाऱ्याला मंत्रचळ आणि नैराश्य होतं, मानसिक दिव्यांगत्व ४० ते ७० टक्के ठरलेलं होतं. गैरवर्तनाबद्दल त्याच्यावर खात्याची चौकशी चालू होती. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटलं की मानसिक आजार असलेल्या माणसाच्या हातून ‘गैरवर्तन’ समजली जाणारी वागणूक घडण्याची शक्यताच अधिक असते. त्यामुळे त्याला इतरांच्याच मापाने चौकशीला उभं करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. वागणुकीमागचं एकमेव कारण आजारच होता हे सिद्ध करण्याचीही गरज नाही. चौकशी रद्द झाली. सध्याच्या कामाला तो अयोग्य ठरला तर वेतन आणि सेवाशर्ती राखून त्याला दुसरं पद द्यावं, आणि ते देताना बंदुकीशी संबंध येणार नाही हे खात्याला पाहता येईल, असं न्यायालयाने सांगितलं. बंदुकीची ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते. धोका नाकारला नाही आणि धोक्याच्या नावाखाली माणूसही घालवला नाही.

खासगी नोकरीत कलम २० चं हे कवच नाही. मात्र वाजवी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव, ही कायद्यातली व्याख्या आहेच. कारखान्याला कर्मचारी राज्य विमा योजना लागू असेल तर आणखी एक आधार आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. आजारपणाच्या ९१ दिवसांत ७० टक्के वेतन मिळतं, एवढं कामगार जाणतात. पण दीर्घ आजारांची एक वेगळी यादी आहे, त्यांत ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं, आणि क्षय-कर्करोगाबरोबर त्या यादीत सायकोसिसही आहे. हा लाभ चालू असताना मालकाला कामगाराला सहजासहजी काढता येत नाही. घाबरून राजीनामा दिला की हे सगळं गेलं. आजाराच्या पहिल्या महिन्यात राजीनामा लिहू नये आणि घरच्यांनी लिहू देऊ नये, असं मी हात जोडून सांगेन. नैराश्यात माणसाला आपण बिनकामाचे आहोत याची खात्री पटलेली असते. तो निर्णय आजाराने घेतलेला असतो.

‘पूर्ण बरा हो, मग काम बघू’ हा आपला सगळ्यांचा समज. व्यवसायोपचार विभागात आधी पाकिटं-मेणबत्त्या करायला शिकायचं, तयारी झाली की मग बाहेर, ही पद्धतही त्याच समजावर उभी आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटा केला. ज्याला काम करायचं आहे त्याला आधी खऱ्या पगाराचं खरं काम मिळवून द्यायचं, आणि मदतनीस त्याच्याबरोबर तिथेच उभा करायचा. लक्षणं पूर्ण गेली पाहिजेत ही अट नाही. भत्त्यांचं काय होईल याचा सल्ला सुरुवातीलाच द्यायचा, हाही पद्धतीचाच भाग. युरोपातल्या सहा केंद्रांत याची जुन्या पद्धतीशी तुलना झाली आणि २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नव्या पद्धतीतले ५५ टक्के लोक निदान एक दिवस तरी खुल्या बाजारातल्या कामावर गेले, जुन्या पद्धतीतले २८ टक्के. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं होती ही.

रत्नागिरीत मदतनीस कुठून आणणार, असं कुणी विचारेल. इथलं बरंचसं काम नोकरीचं नाहीच. आंब्याची बाग, काजूची फॅक्टरी, मिरकरवाड्याची होडी, स्वतःचं किराणा दुकान. हजेरीपट नाही, रजा नाही, विमा नाही. पण या कामांत एक सोय आहे, त्यांचे तुकडे पाडता येतात. आंब्याच्या हंगामात झाडावर चढणं हे झापड आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याचं काम नव्हे. पण दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्याने जमिनीवर उभं राहून देठासकट आंबा उतरवता येतो. तेही जड वाटलं तर सावलीत बसून आकारमानाप्रमाणे प्रतवारी करणं, अढी लावणं, पेटी भरणं आहे. पेट्या मोजता येतात. काल पाच भरल्या, आज सात, हे त्या माणसाला स्वतःला दिसतं. बागायतदाराला ओळखीचा एक जुना गडी त्याच्याशेजारी बसवता आला, तर तोच मदतनीस.

औषधांचा आणि उन्हाचा संबंध मात्र घरच्यांना पाठ हवा. बायपोलर आजारात लिथियम देतात. एप्रिल-मेच्या घामात अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं ही धोक्याची खूण आहे. पाठ दुखते म्हणून दुकानातून आयबुप्रोफेनची गोळी आणून घेतली तर ते आणखी वाढू शकतं. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची त्वचा उन्हाने चटकन भाजते. त्यामुळे हंगाम सुरू होण्याआधी डॉक्टरांना ‘मी उन्हात काम करणार आहे’ हे सांगून रक्ततपासणी करून घ्यायची. खलाशाची अडचण वेगळी. होडी पहाटे सुटते आणि रात्रीच्या गोळीचा अंमल तेव्हा उतरलेला नसतो. गोळी संध्याकाळी लवकर घेता येईल का, हे डॉक्टरच ठरवू शकतात, पण विचारलं तर! शिवाय जागरण बायपोलर आजाराला भडकवतं, त्यामुळे रात्रीच्या मासेमारीपेक्षा बंदरावरचं काम बरं. जाळी दुरुस्त करायची, बर्फ भरायचा, लिलावाचा हिशेब ठेवायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हे दोन महिने जाळ्यांच्या कामाने सुरुवात करायला चांगले, ऑगस्टमध्ये होडीचं पाहता येतं.

स्वतःचा छोटा धंदा काढायचा असेल त्याने ग्रामपंचायतीत एक गोष्ट विचारावी. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मानसिक आजाराचं प्रमाणपत्र असलेला माणूसही त्यात बसतो, आणि ग्रामसभेत हा प्रश्न उभं राहून विचारता येतो. जुन्या करप्रणालीने आयकर भरणाऱ्या नोकरदाराला कलम ८०यू खाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असेल तर सव्वा लाखाची. हा लाभ काम करणाऱ्यालाच मिळतो, कमाई सुरू झाली म्हणून जात नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

राहता राहिला रुजू होण्याचा अर्ज. फिटनेस सर्टिफिकेट मागताना डॉक्टरांना ‘योग्य’ या शब्दाखाली दोन ओळी जास्त लिहायची विनंती करावी: पहिले चार आठवडे अर्धा दिवस, रात्रपाळी नको, महिन्यातून एक दिवस तपासणीसाठी मोकळा, अमुक यंत्र वा वाहन तूर्त नको. जे लागू असेल तेवढंच. अर्जात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं नाव घेऊन ‘वाजवी सोयी’ हाच शब्द वापरावा. आजाराचं नाव सहकाऱ्यांना सांगायची काहीच गरज नाही. उपचारांची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाचा हक्क आहे. सरकारी कार्यालयात दिव्यांगांच्या तक्रारींसाठी अधिकारी नेमलेला असावा लागतो, अर्ज अडला तर तक्रार आधी त्याच्याकडे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेऊन ठेवावी, कारण पुढे पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच मागतात.